गवा, बायसन आणि म्हैस : नावांच्या गोंधळाची राजधानी परिसरातील किंमत

नवी दिल्ली : जंतर मंतर मार्गावरील केरळ हाऊसच्या उपाहारगृहात २६ ऑक्टोबर २०१५ रोजी दिल्ली पोलिसांचे पथक दाखल झाले. तेथे गाईचे मांस वाढले जात असल्याची तक्रार पोलिसांकडे आली होती. खाद्यपदार्थांच्या यादीत ‘बीफ’ हा शब्द होता. ताटात वाढले जाणारे मांस म्हशीचे असल्याचे केरळ शासनाने स्पष्ट केले, तत्कालीन मुख्यमंत्री ऊमेन चंडी यांनी पोलिसांच्या कृतीला तीव्र आक्षेप घेतला आणि काही काळ यादीतून काढलेला पदार्थ दोनच दिवसांत पुन्हा मिळू लागला. प्रकरण तेवढ्यावर मिटले. मात्र, एका राज्याच्या अतिथिगृहात पोलीस पोहोचण्यास एका शब्दाची संदिग्धता पुरेशी ठरते, ही बाब त्यातून समोर आली आणि ती आजही तशीच आहे.

गाय, म्हैस, गवा आणि बायसन हे चार प्राणी व्यवहारात वारंवार एकमेकांच्या नावाने ओळखले जातात. निसर्गात त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत आणि भारतीय कायद्यातील त्यांचे स्थानही वेगळे आहे. गाईची कत्तल दिल्लीत गुन्हा आहे. म्हशीचे मांस हा परवानाधारक व्यवसाय आणि मोठी निर्यात आहे. गव्याची शिकार हा वन्यजीव कायद्याखालील गंभीर गुन्हा आहे. आणि ज्याला खऱ्या अर्थाने बायसन म्हणावे तो प्राणी भारतात आढळतच नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दिल्लीसह उत्तर प्रदेश, हरियाणा आणि राजस्थानचे जिल्हे येतात. जनावरे, मांस आणि दूध यांची तेथे रोज राज्यांच्या सीमा ओलांडून ये-जा होते. अशा ठिकाणी प्राण्याची अचूक ओळख हा केवळ प्राणिशास्त्राचा विषय राहत नाही. शेतकरी, वाहतूकदार आणि खाटीक यांची उपजीविका, प्रसंगी सुरक्षितताही, तिच्यावर अवलंबून असते.

नाव एक, प्राणी अनेक

बायसनच्या आज दोन जाती अस्तित्वात आहेत : एक अमेरिकी, दुसरी युरोपीय. खांद्यावरील मोठा उंचवटा, मानेभोवतीची दाट लोकर, हनुवटीखालील दाढी आणि आखूड शिंगे ही अमेरिकी बायसनची लक्षणे. हिमवर्षावात डोक्याने बर्फ बाजूला सारून गवत शोधण्याइतका तो थंडीला सरावलेला आहे. म्हैस याच्या नेमकी उलट. अंगावर विरळ केस, मागे वळलेली शिंगे, खांद्यावर उंचवटा नाही आणि उन्हाळ्यात पाण्याशिवाय किंवा चिखलात लोळल्याशिवाय चैन नाही. उत्तर अमेरिकेत आलेल्या युरोपीय लोकांनी तेथील बायसनला ‘बफेलो’ म्हटले आणि ते नाव रूढ झाले. आफ्रिकेतील रानटी म्हैस ही आणखी तिसऱ्याच प्रजातिगटातील. ती कधीही माणसाळवली गेली नाही.

भारतात गोंधळाला आणखी एक पदर जोडला गेला. इंग्रज शिकाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी गव्याला ‘इंडियन बायसन’ असे नाव दिले. गवा हा बायसन नाही. तो गाय-बैलांच्याच प्रजातिगटातील रानटी प्राणी आहे. पाठीवरील उंच कणा, गुडघ्यापासून खाली पांढरे पाय आणि काळ्या टोकांची फिकट पिवळसर शिंगे यांवरून तो ओळखू येतो. पूर्ण वाढलेला नर एक हजार किलोपर्यंत भरू शकतो. मराठीही या घोळातून पूर्णपणे सुटलेली नाही. ‘गवा’ हा नेमका शब्द हाताशी असताना अनेक ठिकाणी ‘गवारेडा’ म्हटले जाते आणि गव्याचे नाते गाईऐवजी म्हशीशी जोडले जाते. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-दाजीपूरचे अभयारण्य गव्यांसाठी प्रसिद्ध असून, तेही वर्षानुवर्षे ‘बायसन अभयारण्य’ म्हणून ओळखले गेले. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात शिरलेला आणि पकडण्याच्या धावपळीनंतर मरण पावलेला प्राणी गवाच होता; त्याच्या बातम्यांतही गवा, रानगवा, गवारेडा आणि बायसन ही चारही नावे फिरत होती.

आनुवंशिक नाती या नावांपेक्षा वेगळे चित्र दाखवतात. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात आणि बायसनच्या पेशीतही ६०. त्या दोहोंचा संकर होतो. अमेरिकेत त्यातून ‘बीफॅलो’ हा पाळीव प्रकारही तयार करण्यात आला. भारतीय गव्याची गुणसूत्रे ५८ आहेत. उत्तर भारतातील मुऱ्हा म्हशीची ५० असून, गाय आणि म्हैस यांचा संकर होऊन वासरू जन्माला येत नाही. याचा अर्थ असा की, ज्याला अमेरिकी लोक ‘बफेलो’ म्हणतात तो प्राणी म्हशीपेक्षा गाईला अधिक जवळचा आहे आणि भारतातून ‘बफेलो’ म्हणून निर्यात होणारे मांस ज्या प्राण्याचे आहे तो गाईपासून बराच दूरचा आहे.

सीमाशुल्काचे वर्गीकरण

जागतिक व्यापाराने या गुंत्यावर आपला तोडगा काढला आहे. वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय सुसूत्रित वर्गीकरणात जिवंत जनावरांची विभागणी करताना म्हैस, आफ्रिकी म्हैस आणि बायसन यांना ‘बफेलो’ या एका गटात घातले आहे, तर गवा आणि त्याचा माणसाळलेला भाऊबंद मिथुन यांना गाय-बैलांबरोबर ठेवले आहे. पुढे मांसाच्या शीर्षकात हा भेदही उरत नाही. ताजे किंवा थंड केलेले सर्व ‘बोव्हाइन’ मांस एका शीर्षकाखाली आणि गोठवलेले सर्व ‘बोव्हाइन’ मांस दुसऱ्या शीर्षकाखाली नोंदले जाते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या जागतिक आकडेवारीतही भारतातील म्हशीचे मांस ‘बीफ’ या सदरातच मोजले जाते. भारत हा जगातील प्रमुख ‘बीफ’ निर्यातदार असल्याचे वाक्य त्यातूनच जन्माला आले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीच्या प्रचारात ‘गुलाबी क्रांती’ हा शब्द गाजला, तेव्हाही गाय आणि म्हैस यांतील फरक चर्चेत सहसा मागे पडत होता.

भारताचे निर्यात धोरण याबाबत निःसंदिग्ध आहे. गाय, बैल आणि वासरू यांच्या मांसाच्या निर्यातीस मनाई आहे. म्हशीचे, तेही हाडे काढलेले मांस, कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरणाकडे म्हणजेच ‘अपेडा’कडे नोंदणी झालेल्या कत्तलखान्यांतून आणि पशुवैद्यकीय प्रमाणपत्रासह निर्यात करता येते. हाडे आणि ग्रंथी काढणे ही केवळ बाजाराची सोय नाही. लाळ्या-खुरकुताचा विषाणू हाडांतील मगज आणि ग्रंथींत टिकून राहू शकतो. कत्तलीनंतर मांस थंड ठेवले की त्याची आम्लता वाढते आणि स्नायूंतील विषाणू निष्प्रभ होतो. या प्रक्रियेमुळेच लाळ्या-खुरकुतापासून पूर्णपणे मुक्त नसलेल्या भारताला व्हिएतनाम, मलेशिया, इजिप्त, इंडोनेशिया, इराक यांसारख्या बाजारपेठा मिळाल्या.

अपेडाच्या आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये सुमारे १४.७५ लाख टन म्हशीचे मांस निर्यात झाले. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण सुमारे १३ लाख टन आणि मूल्य सुमारे ३७४ कोटी डॉलर, म्हणजे ३१ हजार कोटी रुपयांच्या घरात होते. या व्यापाराचा मोठा भाग उत्तर प्रदेशातील कारखान्यांचा असून, शीतगृहयुक्त कंटेनरमधून त्यातील बराचसा माल मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून रवाना होतो.

तीन कायदे, एक रस्ता

देशांतर्गत स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. दिल्लीत १९९४ चा कृषी पशुधन संरक्षण कायदा लागू आहे. त्यातील ‘कृषी पशू’ या व्याख्येत गाय, तिची वासरे, वळू आणि बैल येतात. म्हैस येत नाही. कत्तलीसाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे आणि आपण गुन्हा केला नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर टाकण्यात आली आहे. हरियाणाच्या २०१५ च्या गोवंश संरक्षण कायद्यात शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. उत्तर प्रदेशात १९५५ चा गोहत्या प्रतिबंधक कायदा असून, २०२० मधील दुरुस्तीनंतर तेथेही कमाल शिक्षा दहा वर्षांची झाली. तिन्ही कायद्यांचा रोख गोवंशाकडे आहे आणि म्हैस तिन्हींच्या बाहेर आहे.

पूर्व दिल्लीतील महापालिकेचा गाझीपूर कत्तलखाना उत्तर प्रदेशच्या सीमेलगत आहे. जुन्या दिल्लीतील ईदगाहचा कत्तलखाना बंद झाल्यावर २००९ मध्ये तो सुरू झाला. तेथे येणारी जनावरे प्रामुख्याने शेजारच्या राज्यांतून येतात. वाहनात म्हशी असतील तर प्रश्न वाहतुकीच्या नियमांचा असतो : जागा पुरेशी आहे का, पशुवैद्याचे प्रमाणपत्र आहे का. तेच वाहन कोणी संशयावरून अडवले तर प्रश्न गुन्हेगारी कायद्याचा होतो. जिवंत म्हैस डोळ्यांनी ओळखता येते. सोललेले, कापलेले, शिजवलेले मांस मात्र नजरेने ओळखण्याचा दावा कोणीही करू नये. म्हशीचे मांस अधिक गडद आणि तिची चरबी पांढरी असते, तर गाईची चरबी पिवळसर असते, असा जाणत्या खाटकांचा ठोकताळा आहे. पण जनावराचे वय आणि चारा बदलला की तोही फसतो.

या प्रश्नाचे सर्वांत भीषण रूप राजधानी क्षेत्राने २८ सप्टेंबर २०१५ रोजी पाहिले. दादरीजवळच्या बिसाहडा गावात गोमांस ठेवल्याच्या अफवेवरून जमावाने एका गृहस्थाची हत्या केली. मांसाच्या नमुन्याबाबत स्थानिक पशुवैद्यकीय अहवालाने ते शेळी-बकऱ्याचे असल्याचा अभिप्राय दिला, तर मथुरेच्या प्रयोगशाळेने नंतर ते गाय किंवा तिच्या संततीचे असल्याचे म्हटले. अहवाल कोणताही ग्राह्य धरला तरी हत्येचे स्वरूप बदलत नाही, हे कायद्याचे पहिले सूत्र आहे. मात्र अधिकृत यंत्रणांचे दोन अहवाल एकमेकांविरुद्ध उभे राहतात तेव्हा अफवेला अधिक वाव मिळतो, हेही तितकेच खरे.

केरळ हाऊसची घटना त्यानंतर अवघ्या महिनाभरात घडली, ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर त्या दिवशीचा तणाव समजू शकतो.

न्यायालय आणि शेतकऱ्याचे गणित

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये गाई, वासरे आणि ‘इतर दुभती व ओढकामाची जनावरे’ यांच्या कत्तलीस प्रतिबंध करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हैस दुभती आहे आणि रेडा ओढकाम करतो. मग त्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९५८ मध्येच आला होता. मोहम्मद हनीफ कुरेशी खटल्यात घटनापीठाने गाई आणि वासरांच्या कत्तलीवरील संपूर्ण बंदी वैध ठरवली. म्हशी आणि बैलांबाबत मात्र जनावर दूध देण्यास किंवा कामास सक्षम असेपर्यंतच बंदी रास्त असल्याचे म्हटले. २००५ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने गुजरातचा कायदा कायम ठेवताना वळू-बैलांबाबतचा जुना दृष्टिकोन बदलला. तो खटला गोवंशाचा होता. म्हशीच्या मांसाचा व्यापार या फरकाच्या आधारावर उभा आहे.

केंद्र सरकारने २३ मे २०१७ रोजी अधिसूचित केलेल्या पशुबाजार नियमांनी हा आधार हलवला. बाजारात कत्तलीसाठी जनावरांची विक्री रोखणाऱ्या त्या नियमांतील व्याख्येत गाय-बैलांबरोबर म्हशीचा आणि उंटाचाही समावेश होता. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने काही दिवसांतच त्याला स्थगिती दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०१७ रोजी ती देशभर लागू राहील, असे स्पष्ट केले. एका व्याख्येतील एका शब्दाने हजारो कोटींच्या व्यापाराचा मार्ग अडू शकतो, याचे ते उदाहरण होते.

या व्यापाराच्या मुळाशी रोहतक, झज्जर, सोनीपत, मेरठ या भागांतील पशुपालक आहे. मुऱ्हा ही देशातील सर्वाधिक नावाजलेली दुधाळ जात याच पट्ट्यातील असून, तिला ‘दिल्ली’ असेही जुने नाव आहे. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १०.९८ कोटी म्हशी आहेत. दूध आटलेल्या भाकड म्हशीला मिळणारी किंमत नवी म्हैस घेण्यासाठी उपयोगी पडते. ट्रॅक्टर आल्यानंतर रेड्याचे शेतीतील काम जवळपास संपले आहे. बाजार भीतीमुळे थंडावला की भाकड जनावराचा चारा गोठ्यावर बोजा होतो आणि नर पारडांकडे सर्वप्रथम दुर्लक्ष होते. गाईबाबत हा प्रश्न मोकाट जनावरांच्या रूपाने उत्तर भारतातील शेतांत दिसतो. म्हशीबाबत तो अद्याप तेवढा तीव्र नाही, याचे कारण तिला कायदेशीर बाजार आहे.

बायसनचे मांस : अमेरिकेचा धडा

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर अमेरिकेत कोट्यवधी बायसन होते. कातड्यासाठी झालेली बेसुमार शिकार आणि मूलनिवासी समाजांचा अन्नाधार नष्ट करण्याचे धोरण यांमुळे १८८० च्या दशकाच्या अखेरीस ही संख्या हजाराच्या खाली घसरली. उरलेल्या कळपांपैकी अनेक खासगी पशुपालकांकडे होते आणि त्यांनी गाईंशी संकराचे प्रयोग केले. आजच्या अनेक कळपांत गाईचे आनुवंशिक अंश सापडतात ते त्यामुळे. ९ मे २०१६ रोजी बायसनला अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी घोषित करण्यात आले. त्याच देशात तो खासगी कुरणांवर मांसासाठी पाळलाही जातो. त्याचे मांस गडद लाल, कमी चरबीचे आणि म्हणूनच मंद आचेवर शिजवावे लागणारे असते. वाढीसाठी संप्रेरके देण्यास तेथे परवानगी नाही. मात्र प्रमाण लहान आहे : वर्षाला तीन कोटींहून अधिक गुरे कापली जातात, तर बायसनची संख्या लाखभरही नसते.

तेथील उत्पादकांची तक्रार भारताच्या दृष्टीने लक्षणीय आहे. बायसनचे मांस महाग असते. ‘बफेलो’ या नावाखाली आशियाई म्हशीचे स्वस्त मांस विकले गेल्यास ग्राहकाची फसवणूक होते, म्हणून वेष्टनावर प्राण्याचे नेमके नाव असावे, असा त्यांचा आग्रह आहे. भारतात नावाच्या संदिग्धतेने माणसे संशयित ठरतात. अमेरिकेत ग्राहक फसतो. दोन्हीकडे उपाय मात्र सारखाच आहे.

भारतात गव्याच्या मांसाचा कायदेशीर बाजार असूच शकत नाही. गवा आणि रानम्हैस हे दोन्ही प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिकारीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान दंड २५ हजार रुपये झाला आहे. गोव्याचा राज्यप्राणी गवा आहे, तर छत्तीसगडचा रानम्हैस. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील कोलामार्का येथे रानम्हशींसाठी संरक्षित क्षेत्र आहे. राजधानी क्षेत्रातील कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्थेत डिसेंबर २०१४ मध्ये रानम्हशीचे क्लोन वासरू पाळीव म्हशीच्या पोटी जन्मले, यावरून या जातीच्या अस्तित्वाची चिंता किती गंभीर आहे, हे कळते. दुसरीकडे, गव्याचा माणसाळलेला भाऊबंद असलेल्या मिथुनला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘खाद्य प्राणी’ म्हणून मान्यता दिली. ईशान्येकडील पशुपालकांसाठी तो मोठा दिलासा होता. इतक्या जवळच्या दोन प्राण्यांपैकी एकाचे मांस विकणे व्यवसाय आणि दुसऱ्याचे विकणे गुन्हा, अशी ही स्थिती आहे. ती विसंगती नव्हे. पाळीव आणि रानटी यांतील रेषा कायद्याने विचारपूर्वक आखली आहे. पण ती अमलात आणण्यासाठी दोघांना वेगळे ओळखणारी यंत्रणा हवी.

नेमकेपणाचे तीन टप्पे

अशी यंत्रणा अंशतः उपलब्ध आहे. शिजवलेल्या मांसातूनही डीएनए तपासून गाय आणि म्हैस यांतील फरक सांगता येतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय मांस संशोधन संस्था या क्षेत्रात काम करते. या तपासणीलाही मर्यादा आहेत. केवळ मातृवंशाकडून येणारा डीएनए पाहिला तर संकरित प्राण्याची ओळख चुकू शकते. रानम्हैस आणि पाळीव म्हैस यांना वेगळे करणे त्याहून अवघड आहे. म्हणून नमुना कोणी, कोठून आणि कसा घेतला, याची नोंद अहवालाइतकीच महत्त्वाची ठरते.

दुसरा टप्पा जिवंत जनावराचा. लाळ्या-खुरकुत निर्मूलनासाठी सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात गाई-म्हशींच्या कानात बारा अंकी क्रमांकाचे बिल्ले बसवले जात आहेत. वाहतूक परवान्यावर हा क्रमांक आणि प्राण्याचे नाव नोंदवले गेले, तर सीमेवरील तपासणी नाक्यावर संशयाला फारशी जागा उरणार नाही.

तिसरा टप्पा सर्वांत साधा आणि स्वस्त आहे : फलक, देयक आणि वेष्टन यांवर ‘बीफ’ किंवा ‘बोव्हाइन’ असा ढोबळ शब्द न लिहिता ‘म्हशीचे मांस’ असे लिहिणे. व्यापारात म्हशीच्या मांसासाठी ‘कॅराबीफ’ हा वेगळा शब्द आहेच. तो निर्यातदारांच्या कागदपत्रांपुरता मर्यादित न राहता उपाहारगृहाच्या यादीपर्यंत पोहोचला पाहिजे. नेमका शब्द जमावाला रोखू शकत नाही. ते काम पोलिसांचे आणि न्यायालयांचे आहे. पण तक्रार आल्यावर प्रथम कागद पाहणाऱ्या अधिकाऱ्याला आणि कायदेशीर व्यवसाय करणाऱ्या खाटकाला तो आधार देऊ शकतो.

केरळ हाऊसच्या यादीत त्या दिवशी ‘म्हैस’ हा एक शब्द असता, तर पोलिसांना तक्रारीची शहानिशा करण्यासाठी बहुधा एक दूरध्वनी पुरला असता.